कीट्सचं हार्वर्डमधलं दप्तर: हस्तलिखितं आणि पत्रं घरबसल्या कशी वाचावीत

'ओड ऑन अ ग्रीशियन अर्न' ही इंग्रज कवी जॉन कीट्सची बहुधा सर्वांत जास्त शिकवली जाणारी कविता. तिची कीट्सच्या हातची एकही प्रत आज शिल्लक नाही. त्याचा भाऊ जॉर्ज याने उतरवून घेतलेली नक्कल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यावर आणि पहिल्या छापील पाठांवर अभ्यासकांचं काम चालतं. कीट्सच्या कागदांकडे वळणाऱ्याने हे आधीच मनाशी बांधून ठेवावं. कागद कितीही जुना आणि अस्सल दिसो, पहिल्यांदा विचारायचं ते एवढंच: हे अक्षर कोणाचं?

या कागदांचा जगातला सर्वांत मोठा साठा अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे. त्यातला बराच भाग छायाप्रतींच्या रूपात इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. तो पुण्यात, नागपुरात किंवा पणजीत बसून नीट वाचायचा कसा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. इंग्रजीचे विद्यार्थी, अनुवादक आणि नुसतेच कवितेचे वेडे, तिघांनाही त्याचा उपयोग व्हावा. मोडी कागद वाचायची सवय असलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

कागद तिथे कसे गेले

हा इतिहास थोडा तपशिलात माहीत असायला हवा, कारण पुढे कुठल्या कागदावर किती विश्वास टाकायचा हे त्यावरूनच ठरतं.

कीट्स 23 फेब्रुवारी 1821 रोजी रोममध्ये क्षयाने वारला. वय पंचवीस. त्याचं साहित्य एका ट्रंकेत नव्हतं. जॉर्ज 1818 मध्ये अमेरिकेला गेला आणि केंटकीतल्या लुईव्हिलला स्थायिक झाला. त्याच्याकडे लांबलचक पत्रं पोचली होती. बहीण फॅनी पुढे लग्न करून स्पेनमध्ये गेली, तिच्याकडे तिची पत्रं. वाग्दत्त वधू फॅनी ब्रॉन हिच्याकडे प्रेमपत्रं. मित्र चार्ल्स ब्राउनकडे कविता. आणि प्रकाशकांचा कायदेशीर सल्लागार रिचर्ड वुडहाउस याच्याकडे नकलांच्या वह्या. हा वुडहाउस मला या सगळ्या प्रकरणातला खरा नायक वाटतो. कीट्स जिवंत असतानाच, त्याला कोणी फारसं विचारत नव्हतं तेव्हा, 'याचं सगळं जपून ठेवलं पाहिजे' असं ठरवून हा माणूस हाती लागेल ते उतरवून घेत राहिला. आज काही कविता आणि पत्रं केवळ त्याच्या वह्यांमुळे आपल्याला मिळतात.

सगळेच वुडहाउस नव्हते. शाळेपासूनचा मित्र चार्ल्स काउडन क्लार्क याने 'आय स्टुड टिप-टो' या कवितेच्या हस्तलिखिताचे कात्रीने तुकडे केले आणि आठवण म्हणून चाहत्यांना वाटले. शेवटच्या आजारात सेवा करणारा चित्रकार जोसेफ सेव्हर्न यानेही असेच तुकडे वाटले. त्यामुळे एकाच कवितेच्या चार ओळी एका शहरात आणि पुढच्या सहा दुसऱ्या देशात, असा प्रकार तुम्हाला भेटेल. सूचीत 'फ्रॅगमेंट' असा शब्द दिसला की कवीने कविता अर्धवट सोडली असं लगेच समजू नका. कात्री चाललेली असू शकते.

हार्वर्डकडे साठा येण्याचं मोठं श्रेय बॉस्टनच्या कवयित्री एमी लोवेल यांचं. त्यांनी कीट्सचे कागद आयुष्यभर विकत घेतले, 1925 मध्ये त्याचं दोन खंडांचं चरित्र प्रसिद्ध केलं आणि त्याच वर्षी त्या वारल्या. संग्रह हार्वर्डला मिळाला. पुढे आर्थर हॉटन यांनी स्वतःचा कीट्स-संग्रह दिला आणि इमारतही. ते ग्रंथालय 1942 मध्ये उघडलं.

आधी छापील, मग हस्तलिखित

थेट छायाप्रतीवर उडी मारू नका. दोनशे वर्षांपूर्वीचं घाईचं इंग्रजी अक्षर अनोळखी मजकुरात वाचणं म्हणजे डोळ्यांची शिक्षा. आधी प्रमाण आवृत्ती शेजारी ठेवा. पत्रांसाठी हायडर रोलिन्स यांनी संपादित केलेले, 1958 मध्ये हार्वर्डने काढलेले दोन खंड. कवितांसाठी जॅक स्टिलिंजर यांची 1978 ची आवृत्ती. तिच्यात प्रत्येक कवितेखाली पाठभेद दिलेले आहेत आणि कोणता पाठ कोणाच्या हातचा, हेही. स्टिलिंजर यांनीच हार्वर्डमधल्या कविता-हस्तलिखितांच्या छायाप्रतींचं पुस्तक 1990 मध्ये संपादित केलं. विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाच्या किंवा मध्यवर्ती ग्रंथालयात ही पुस्तकं विचारा. स्वतःकडे नसतील तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देण्याची सोय बरीच ग्रंथालयं करतात.

फुकट मिळणाऱ्या आवृत्त्यांबद्दल एक इशारा. इंटरनेटवर सहज सापडतं ते सिडनी कॉल्व्हिन यांनी 1891 मध्ये काढलेलं पत्रांचं पुस्तक. देखणं आहे, वाचनीय आहे, आणि त्यात फॅनी ब्रॉनला लिहिलेलं एकही पत्र नाही. कॉल्व्हिन यांनी ती मुद्दाम वगळली, कारण एवढं खासगी छापणं त्यांना पटत नव्हतं. ती पत्रं त्याआधी 1878 मध्ये हॅरी बक्स्टन फोरमन यांनी छापली होती आणि त्यावरून बराच गहजब झाला होता. तेव्हा कॉल्व्हिनच्या पुस्तकावरून 'कीट्सची पत्रं' या विषयावर निबंध लिहिलात तर कीट्स भलताच संयमी माणूस वाटेल.

सूचिपत्रात शिरताना

हार्वर्डच्या ग्रंथालयांची सूची 'हॉलिस' या नावाने ओळखली जाते, आणि तिचा अभिलेखांसाठीचा वेगळा विभाग आहे. शोधाच्या चौकटीत नुसतं 'कीट्स' टाकलंत तर हजारो पुस्तकं अंगावर येतील. त्याऐवजी अभिलेखांच्या विभागात जाऊन 'एमएस कीट्स' ही अक्षरं इंग्रजीत टाका. संग्रहाची मांडणी क्रमांकांत केलेली आहे आणि ती एकदा डोक्यात बसली की काम अर्धं होतं. 1 या अंकाने सुरू होणारे क्रमांक म्हणजे कीट्सने लिहिलेली पत्रं. 2 म्हणजे त्याच्या हातच्या कविता. 3 म्हणजे इतरांनी केलेल्या नकला, त्यात वुडहाउसच्या वह्या. 4 म्हणजे मित्रमंडळींची आपापसांतली पत्रं, जी कीट्सच्या मृत्यूनंतरही बरीच वर्षं चालू राहिली.

चौथा गट नवखे लोक सोडून देतात. तसं करू नका. कोणी काय जपलं, काय लपवलं, चरित्र कोणी लिहायचं यावरून कोण कोणावर रुसलं, हे सगळं तिथे आहे. रोलिन्स यांनी या पत्रव्यवहाराचे दोन खंड 1948 मध्ये काढले आणि ते अजूनही कादंबरीसारखे वाचता येतात.

प्रत्येक नोंदीतून तीन गोष्टी वहीत उतरवा: पूर्ण क्रमांक, 'ऑटोग्राफ' आहे की 'ट्रान्स्क्रिप्ट', आणि कागद पूर्वी कोणाकडे होता. पहिला शब्द असेल तर अक्षर लेखकाचं स्वतःचं. दुसरा असेल तर नक्कल, आणि मग नक्कल करणारा कोण हे शोधणं भाग आहे. नोंदीखाली छायाप्रतीचा दुवा असेल तर तो उघडा. काम सुरू करण्यापूर्वी त्या पानाचा कायमस्वरूपी पत्ताही जपून ठेवा. शोधाच्या निकालाचा पत्ता पुढच्या वेळी चालेलच असं नाही.

पडद्यावर वाचताना

छायाप्रत उघडली की लगेच मोठी करू नका. आधी पूर्ण कागद पाहा. त्या काळात पत्राला वेगळं पाकीट नसे. कागद घडी करून, त्याच्याच पाठीवर पत्ता लिहून, लाख किंवा चिकट टिकली लावून तो टपालात पडे. टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि बहुधा तो पत्र घेणाऱ्याला द्यावा लागे. एक पेनीत कुठेही पत्र जाण्याची सोय इंग्लंडात 1840 मध्ये आली, म्हणजे कीट्सनंतर जवळजवळ वीस वर्षांनी. म्हणून घड्या, पत्त्याची बाजू, लाख फोडताना फाटलेला कोपरा आणि टपालाचा शिक्का हे सगळं मजकुराइतक्याच बारकाईने पाहायचं. फाटलेल्या कोपऱ्यात शब्द गेलेले असतात. शिक्क्यात तारीख असते, आणि कीट्सला स्वतः तारीख घालायचा भारी कंटाळा. 'मंगळवार सकाळ' एवढ्यावर तो भागवतो.

कागद वाचवण्यासाठी लोक आणखी एक उद्योग करत: पान भरलं की ते आडवं फिरवून, आधीच्या ओळींना छेद देत, त्याच पानावर पुढचं लिहीत. असं पान पहिल्यांदा समोर आलं की जाळीच दिसते. प्रतिमा नव्वद अंशांत फिरवा, एका दिशेच्या ओळीच वाचत जा, दुसऱ्या दिशेकडे डोळा जाऊ देऊ नका. दहा मिनिटांत नजर सरावते. कीट्सला स्वतःलाही या जाळीची गंमत वाटे. 3 मे 1818 च्या, मित्र जॉन रेनॉल्ड्सला लिहिलेल्या पत्रात या चौकड्यांवरून तो गवळणीवर, गवळणीवरून चित्रकार होगार्थवर आणि तिथून शेक्सपिअरवर पोचतो.

अक्षराची ओळख करून घेण्यासाठी आधी छापील मजकूर माहीत असलेलं एक सुवाच्य पत्र निवडा आणि त्यातून कीट्सची वर्णमाला स्वतः काढा. मोठी अक्षरं कशी, दोन शब्द जोडतो कुठे, शेवटचं अक्षर गिळतो कुठे. विरामचिन्हांऐवजी तो सढळ हाताने आडव्या रेघा मारतो. स्पेलिंगचा हिशेब ठेवत नाही. तुम्ही नक्कल करताना ते दुरुस्त करू नका. जसं आहे तसं उतरवा. खोडलेलं खोडलेलं दाखवा, ओळीच्या वर घातलेलं काकपद देऊन दाखवा, न लागलेल्या शब्दाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा. कोणतं चिन्ह कशासाठी, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत बदलू नका.

सरावाला 'टु ऑटम'

पहिला सराव म्हणून 'टु ऑटम' या शरद ऋतूवरच्या कवितेच्या खर्ड्याहून चांगला कागद नाही. क्रमांक 2.27. रविवार, 19 सप्टेंबर 1819 रोजी विंचेस्टरमध्ये फिरून आल्यावर लिहिलेली ही कविता. दोन दिवसांनी रेनॉल्ड्सला लिहिलेल्या पत्रात कीट्स त्या फेरफटक्याचा, कापणी झालेल्या शेतांच्या उबदार रंगाचा उल्लेख करतो. पत्र आणि खर्डा एकत्र वाचावेत, अगदी एका बैठकीत.

खर्ड्यावरचा एक मजकूर कीट्सचा नाही. जॉर्जने हा कागद 1839 मध्ये मिस बार्कर नावाच्या तरुणीला भेट दिला, त्याची नोंद त्यावर आहे. कवीच्या भावाने मूळ हस्तलिखित असं सहज देऊन टाकावं याचं आपल्याला आश्चर्य वाटतं, पण त्या काळी कीट्सचं नाव फार लोकांना ठाऊक नव्हतं. पुढे हा कागद एमी लोवेल यांच्याकडे आला.

आता तिसऱ्या कडव्यावर या. संध्याकाळच्या ढगांची ओळ शोधा. छापील कवितेत तिथे पट्ट्यापट्ट्यांचे ढग आहेत आणि ते मावळत्या दिवसाला फुलवतात: 'बार्ड क्लाउड्स ब्लूम'. खर्ड्यात आधी एकच सोनेरी ढग होता आणि तो दिवसाला मुलामा देत होता: 'गोल्ड क्लाउड गिल्ड्स'. सोनं, मुलामा, हे कवितेतलं तयार सामान; त्या काळी कुठलाही होतकरू कवी ते वापरता. 'ब्लूम' या क्रियापदाने मात्र फुलण्याची क्रिया मरणाऱ्या दिवसाशी जोडली गेली आणि सबंध कडव्याचा सूर बदलला. हा बदल कळायला कुठलीही समीक्षा लागत नाही, खर्डा पुरतो. दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीलाही अशीच झटापट आहे. ती तुम्ही स्वतः शोधा.

हे जमलं की चॅपमनने इंग्रजीत आणलेल्या होमरवरील 1816 च्या सुनीताकडे वळा (क्रमांक 2.4). तिथे होमरचं कपाळ आधी 'लो' होतं, मग 'डीप' झालं. त्यातल्या कोर्तेझ या स्पॅनिश विजेत्याचे डोळे खर्ड्यात आश्चर्याने भरलेले आहेत. गरुडाचे डोळे नंतर आले. सातवी ओळ तर पूर्ण बदलली. 'सेंट अ‍ॅग्नेस' या दीर्घ कवितेचा खर्डा शेवटी घ्या. त्यातलं नायिका मॅडलिन वस्त्रं उतरवते ते कडवं इतक्या वेळा मोडलेलं आहे की नवख्याचा धीर सुटतो.

तारखेचा एक खटला

दुसरा सराव पत्राचा, आणि तो थोडा पोलिसी आहे. कीट्सच्या पत्रांतली सर्वांत गाजलेली कल्पना, 'निगेटिव्ह केपेबिलिटी', म्हणजे अनिश्चिततेत आणि शंकेत न तडफडता राहण्याची कवीची ताकद. हे शब्द ज्या पत्रात आहेत त्याची मूळ प्रत हरवली आहे. आपल्याकडे आहे ती जॉन जेफ्री याची नक्कल. जॉर्ज 1841 मध्ये वारल्यावर त्याच्या विधवेने जेफ्रीशी लग्न केलं, आणि चरित्रकार रिचर्ड मंकटन मिल्न्स यांच्यासाठी जेफ्रीने 1845 मध्ये घरातली पत्रं उतरवून पाठवली. तो अभ्यासक नव्हता. कंटाळा आला की गाळायचा, शब्द लागला नाही की पुढे जायचा.

नकलेवर त्याने तारीख घातली आहे: रविवार, 22 डिसेंबर 1818. आता पडताळा. पत्र जॉर्ज आणि टॉम या दोन्ही भावांना आहे. टॉम 1 डिसेंबर 1818 रोजी वारला आणि जॉर्ज तेव्हा अमेरिकेत होता. म्हणजे वर्ष चूक. एक वर्ष मागे जा. पत्रात विल्यम होन या प्रकाशकावरच्या खटल्यांचा उल्लेख आहे. ते खटले 18 ते 20 डिसेंबर 1817 ला चालले. वर्ष जुळलं. कॅलेंडर काढा: 22 डिसेंबर 1817 ला सोमवार होता, रविवार होता 21 ला. म्हणून रोलिन्स यांनी 21 डिसेंबर 1817 ही तारीख धरली, आणि पत्र एका बैठकीत लिहिलेलं नसावं म्हणून पुढे 27 ही तारीख प्रश्नचिन्हासह जोडली.

हीच पद्धत कुठल्याही तारीख नसलेल्या पत्राला लावा: कोणाला लिहिलंय, तो माणूस तेव्हा कुठे होता, बाहेरची कुठली घटना आली आहे, वार जुळतो का. आणि 'निगेटिव्ह केपेबिलिटी'वर पुढच्या वेळी कोणी शब्दन्‌शब्द पिळून भाष्य केलं तर त्याला विचारा, हा शब्दक्रम कीट्सचा की जेफ्रीचा?

पत्राच्या पोटातली कविता

कीट्स कविता आणि पत्र अशा दोन वेगळ्या वह्या ठेवत नव्हता. 14 फेब्रुवारी ते 3 मे 1819 असं महिनोन्‌महिने लिहिलेलं, जॉर्ज आणि त्याच्या बायकोला धाडलेलं पत्र हॉटनमध्ये आहे. त्यात गप्पा आहेत, पैशांची काळजी आहे, जग म्हणजे आत्मा घडवणारी दरी हे प्रसिद्ध चिंतन आहे, आणि मध्येच 'ला बेल दाम साँ मर्सी' आहे. कविता संपताच तो स्वतःचीच थट्टा करतो: चुंबनं चारच का? तर प्रत्येक डोळ्याला सारखी वाटणी व्हावी म्हणून. कविता संग्रहात वाचणाऱ्याला हा हशा कधीच ऐकू येत नाही. म्हणून कवितेच्या ओळींपुरती प्रतिमा कापून घेऊ नका, आधीचं आणि नंतरचं पानही वाचा.

पाठभेदही इथे महत्त्वाचा. पत्रात आणि ब्राउनच्या नकलेत नायक 'नाइट', म्हणजे सरदार, आहे. ली हंटच्या 'इंडिकेटर' या साप्ताहिकामध्ये 10 मे 1820 ला कविता पहिल्यांदा छापली तेव्हा तो 'रेचेड वाइट', म्हणजे कोणी बिचारा, झाला होता. तुम्ही मराठीत अनुवाद करत असाल तर कुठला पाठ घेतला हे टीपेत सांगा. सरदार आणि बिचारा यांत बराच फरक आहे.

जाता जाता: 1819 च्या मे महिन्यात कीट्स हिंदुस्थानला येणाऱ्या व्यापारी जहाजावर डॉक्टर म्हणून नोकरी धरण्याचा विचार करत होता, असं त्याच्या पत्रांत आहे. औषधं देण्याचा परवाना त्याने 1816 मध्येच मिळवला होता. तो बेत फिसकटला.

प्रत्यक्ष जायचं असेल तर

अमेरिकेत शिकणारी, नोकरी करणारी मराठी मंडळी बॉस्टन परिसरात पुष्कळ आहेत, आणि हॉटनच्या वाचनकक्षासाठी हार्वर्डचा विद्यार्थी असावं लागत नाही. आधी ऑनलाइन खातं उघडा, हवे असलेले क्रमांक काही दिवस आधी मागवा, ओळखपत्र म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. पिशव्या बाहेर कपाटात राहतात. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. मात्र ज्या कागदाची चांगली छायाप्रत आहे तो नाजूक कागद केवळ पाहावासा वाटतो म्हणून मिळेल, अशी आशा धरू नका. मूळच का हवं याचं कारण लेखी द्या: जलचिन्ह पाहायचं आहे, शाईचे दोन थर वेगळे करायचे आहेत, घडीत दडलेलं अक्षर वाचायचं आहे. छायाचित्रात न दिसणारी गोष्ट हे सबळ कारण. प्रवासाचं तिकीट उत्तर आल्यावर काढा.

उद्धृत करताना

कीट्सच्या प्रसिद्ध मजकुरावर आता कोणाचा स्वामित्वहक्क नाही. रोलिन्स किंवा स्टिलिंजर यांच्या टीपा आणि प्रस्तावना मात्र त्यांच्या आहेत. त्या उचलायच्या नसतात. मित्रमंडळींच्या अद्याप अप्रकाशित पत्रांची गोष्ट निराळी: ब्रिटिश कायद्यानुसार अशा जुन्या अप्रकाशित लेखनावरचा हक्क 2039 च्या अखेरपर्यंत चालतो. छायाप्रत पुस्तकात छापायची असेल तर ग्रंथालयाला आधी विचारा.

संदर्भ देताना ग्रंथालयाचं नाव, पूर्ण क्रमांक, पानाची बाजू, आणि अक्षर कोणाचं, हे चारही द्या. 'कीट्सचं हस्तलिखित, हार्वर्ड' एवढ्याने पुढच्या वाचकाला काही सापडत नाही. आणि हार्वर्डमध्ये नसलेलं तिथे शोधण्यात दिवस घालवू नका. 'नाइटिंगेल'चा खर्डा इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे, 'हायपीरियन' ब्रिटिश लायब्ररीत, 'एंडिमियन'ची स्वच्छ प्रत न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात. 'ब्राइट स्टार' कीट्सने शेक्सपिअरच्या कवितांच्या पुस्तकातल्या कोऱ्या पानावर उतरवलं. ते पुस्तक लंडनच्या हॅम्पस्टेडमधल्या कीट्स हाउसच्या संग्रहात आहे. यांपैकी प्रत्येकाची स्वतंत्र सूची आहे, आणि क्रमांकांची पद्धतही वेगळी.